प्रवेशानंतरची पानं

मराठीत शिकण्याची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. चाळीतली खोली किंवा गावकुसाबाहेरचं घर, कंदील नाहीतर रस्त्यावरचा दिवा, फीसाठी गहाण पडलेली आईची पाटली, स्वतःच्या खिशातून पैसे देणारे एखादे मास्तर आणि मग निकालाचा दिवस. पेढे वाटले जातात, मुलगा शहराची गाडी पकडतो. त्यानंतर हमखास एक वाक्य येतं : ‘मग त्याने मागे वळून पाहिलं नाही.’ पुढच्या परिच्छेदात तो प्रोफेसर, संचालक असा कोणीतरी झालेला असतो. मधली सात-आठ वर्षं त्या एका वाक्यात गडप होतात.

घरातला पहिलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी विज्ञानात पीएच.डी. करते, तेव्हा खरी गोष्ट या गडप झालेल्या वर्षांतच असते. तोवरच्या शिक्षणाला अभ्यासक्रम होता, तारखा होत्या, गुण होते. मेहनत केली की गुण मिळतात हा व्यवहार गरीब घरातल्या हुशार मुलाला पाठ झालेला असतो, त्याच्याच जोरावर तो इथवर आलेला असतो. प्रयोगशाळेत हा व्यवहार मोडतो. तिथे मेहनत केली की बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. महिनोन्‌महिने प्रयोग फसतात, आणि फसणं हेच कामाचं रोजचं रूप असतं. हे ज्याच्या घरी कोणीतरी आधी भोगलेलं असतं त्याला ते ठाऊक असतं. ज्याच्या घरी कोणी भोगलेलं नसतं, तो समजतो की आपणच नापास झालो.

हा फरक एवढ्या नेमकेपणाने पकडणारं पुस्तक मला मराठीत सापडलं नाही. सापडलं ते इंग्रजीत, आणि तीही कादंबरी. ब्रँडन टेलर या अमेरिकन लेखकाची ‘रिअल लाइफ’ २०२० साली आली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या लघुयादीत पोहोचली. तिच्याबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं, पण बहुतेक ठिकाणी चर्चा झाली ती वंशाची आणि समलैंगिकतेची. कादंबरीत ते दोन्ही आहे, मध्यभागी आहे. पण ती एका प्रयोगशाळेची कादंबरी आहे, हे मात्र ओघात सांगून सोडून दिलं गेलं. मला तिथेच थांबायचं आहे.

वॉलेस हा अलाबामातल्या गरीब घरातला काळा तरुण. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या, तळ्याकाठच्या एका विद्यापीठात तो जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. त्या विभागात तीन दशकांहून अधिक काळानंतर आलेला हा पहिला काळा विद्यार्थी. कादंबरी उन्हाळा संपतानाच्या एका शुक्रवारी सुरू होते आणि त्या शनिवार-रविवारातच बहुतेक आटोपते. त्या शुक्रवारी दोन गोष्टी झालेल्या असतात. एक, वॉलेसचे वडील जाऊन काही आठवडे झालेत, तो अंत्यविधीला गेलेला नाही आणि त्याने हे मित्रांनाही सांगितलेलं नाही. दोन, उन्हाळाभर खपून त्याने पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या सूत्रकृमींच्या प्लेटांवर बुरशी आली आहे.

वडिलांचा मृत्यू आणि बुरशी. टेलर या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच स्वरात सांगतो. पहिल्यांदा वाचताना हे खटकतं. पण ज्याने प्रयोगशाळेत वर्षं काढली आहेत त्याला खटकणार नाही. वॉलेसच्या हातातला प्राणी म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी. सिडनी ब्रेनरने १९७४ साली त्याच्या जनुकशास्त्राचा पाया घालून दिला आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत तो अगारच्या प्लेटांवर, जिवाणूंच्या पातळ थरावर वाढवला जातो. साडेतीन-चार दिवसांत त्याची एक पिढी होते. प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या टोकाने एकेक कृमी उचलायचा, दुसऱ्या प्लेटवर ठेवायचा, त्याची पिल्लं मोजायची, त्यांतली हवी ती निवडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसाचे चौदा तास मान सूक्ष्मदर्शकावर. टेलर स्वतः विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या पीएच.डी.ला होता, ते सोडून तो आयोवाला लेखन शिकायला गेला. त्यामुळे हे सगळं त्याच्या हातातून आलेलं आहे. कष्टाचं इतकं बारकाईचं वर्णन आपल्याकडे शेतीबद्दल, गिरणीबद्दल सापडतं. प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल कोणी असं लिहीत नाही, जणू ते हातांनी करायचं कामच नव्हे.

आता बुरशीबद्दल. कृमींच्या प्लेटांवर बुरशी येणं यात काही विशेष नाही, सगळ्यांच्याच येते. त्यावर उपायही आहे. ब्लीच आणि अल्कलीच्या द्रावणात प्रौढ कृमी मरतात, बुरशीही मरते, पण अंडी त्यांच्या कवचामुळे टिकतात. ती धुऊन नव्या प्लेटवर टाकली की वंश पुढे चालू. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण खरं शिकायला मिळतं ते रात्री अकरा वाजता शेजारच्या टेबलावरच्या सीनियरकडून. ‘अरे, माझ्या तर दोनदा गेल्या होत्या’ हे वाक्य त्याच्याकडून ऐकणं ही पीएच.डी.तली फार मोठी मदत असते. वॉलेसच्या बाबतीत हे वाक्य कोणी बोलत नाही. उलट त्याच्या मनात संशय येतो की कोणीतरी मुद्दाम हे केलं. कादंबरी या संशयाचा निकाल लावत नाही, आणि ते फार शहाणपणाचं आहे. कारण आपल्यासारखं कोणी नसलेल्या जागी वावरणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस याच हिशेबात जातो. हे माझ्या हातून झालं, की आपोआप झालं, की कोणी केलं? हा प्रश्न न पडणारा शेजारचा मुलगा तेवढ्या वेळात दुसऱ्या प्लेटा लावून मोकळा होतो.

कादंबरीतला सगळ्यात गाजलेला प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा आहे. मित्रमंडळी जमली आहेत, वॉलेस हे सगळं सोडून द्यायचा विचार करतोय हे उघड होतं, आणि त्यांतला एकजण त्याला समजावतो. सूर काळजीचा आहे. मजकूर असा की तुझी पार्श्वभूमी बघता, तुझ्यातल्या उणिवा बघता, या विभागाने तुला घेतलं याबद्दल तू ऋणी असायला हवंस. वॉलेस वाट बघतो की टेबलावरचं कोणीतरी काहीतरी बोलेल. सगळे ताटाकडे बघत राहतात. मदतीचं हे रूप आपल्याला परकं नाही. ‘तुला संधी मिळाली आहे, तिचं सोनं कर’ हे आपण किती प्रेमाने म्हणतो! त्यात दडलेला अर्थ असा असतो की ही जागा मुळात तुझी नव्हती. तिथे ज्याने उपकार म्हणून पाऊल ठेवलं, त्याने तक्रार कशाच्या बळावर करायची?

वॉलेसची गाईड सिमोन हे पात्र मला जास्त अस्वस्थ करून गेलं. ती दुष्ट नाही, वेळही देते. प्रयोगशाळेतली सहकारी डॅना वॉलेसवर आरोप करते, तेव्हा सिमोन त्याला बोलावून घेते आणि तुला इथे राहायचं आहे का, याचा नीट विचार कर म्हणते. प्रश्न उदार वाटतो. पण तो कोणाला विचारला जातो? ज्याची जागा पक्की आहे त्याला कोणी विचारत नाही. विभागप्रमुखाच्या मुलाला बुरशीवरून ‘तुला नक्की शास्त्रज्ञ व्हायचंय ना?’ असं विचारलेलं कोणी ऐकलं आहे?

प्रमुखाचा मुलगा हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. २०२२ साली ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक प्राध्यापकांच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य माणसाच्या तुलनेत प्राध्यापकाच्या आईवडिलांपैकी कोणीतरी पीएच.डी. असण्याची शक्यता पंचवीस पटींपर्यंत जास्त आहे, असं त्यातून दिसलं. म्हणजे ज्याला आपण मुक्त स्पर्धेची जागा समजतो, ती बऱ्याच अंशी घराण्यांची गादी आहे. गायकीतलं घराणं निदान आपलं नाव सांगतं.

घराण्याने नेमकं काय मिळतं, हे पाहायला आपल्याला मराठीतच एक उत्तम पुस्तक आहे. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला बनारसचा भाग मला फार आवडतो. वडील विष्णू वासुदेव नारळीकर स्वतः केंब्रिजचे रँग्लर, बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख. घरात फळा. त्या फळ्यावर मोरूमामा लहानग्या जयंतसाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत तसंच राहू देत. या फळ्याचं महत्त्व गणितात नाही. न सुटलेलं गणित घरात दोन-तीन दिवस निवांत लटकत राहू शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जेवताना त्याच्याबद्दल बोलता येतं, हे त्या मुलाला शाळेच्या वयातच कळलेलं होतं. संशोधनाचा स्वभाव तोच. नारळीकर हे कोणताही आव न आणता लिहितात. त्यांची प्रतिभा त्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण बनारसचा तो फळा म्हणजे पीएच.डी.चा पहिला टप्पा होता, हे आपण वाचक म्हणून ओळखायला हवं.

कमला सोहोनींची गोष्टही अशीच पुन्हा वाचावीशी वाटते. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत आणि अखेर वर्षभराच्या परीक्षाधीन अटीवर त्यांना घ्यावं लागलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी १९३९ साली पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट आपण एकट्या मुलीच्या हिमतीची म्हणून सांगतो, आणि ती हिंमतीची आहेच. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. प्रवेश नाकारणारा माणूस कितीही मोठा असला तरी त्याचा नकार हा संस्थेचा शेवटचा शब्द नसतो, हे घरातून कळलेलं असणं ही केवढी शिदोरी! रामन यांनी ‘नाही’ म्हटल्यावर एखाद्या गिरणी कामगाराची मुलगी काय करती? ती बहुधा पुढची गाडी पकडून घरी परतली असती, आणि तिच्याबद्दल धडा लिहिला गेला नसता.

मग ज्यांच्या घरी फळा नव्हता त्यांचं काय? रघुनाथ माशेलकरांचं बालपण महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. गोव्यातलं माशेल, वडिलांचं लवकर जाणं, मुंबईत मिळेल ते काम करणारी आई, महापालिकेची शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, युनियन हायस्कूलचे भावे सर आणि भिंगाने कागद जाळून त्यांनी समजावलेली एकाग्रता, टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती. माशेलकर हे अनेक वर्षं, अनेक व्यासपीठांवरून मनापासून सांगत आले आहेत. ते खरं आहे आणि सांगायलाच हवं. तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. भिंग आपल्याला आठवतं, पण १९६९ साली त्यांनी ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. पुरी केली ते एम. एम. शर्मा आठवत नाहीत. शर्मा तेव्हा केंब्रिजहून परतून मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, तरुण वयात प्रोफेसर झालेले. चाळीतून आलेल्या मुलाने त्या प्रयोगशाळेत पहिले सहा महिने काय केलं असेल? पहिला शोधनिबंध कोणी कसा लिहून घेतला? इंग्रजी कितीदा तांबड्या शाईने खोडलं गेलं? एखादा पूर्ण वर्षाचा प्रयोग पाण्यात गेला का? सभागृहातला एकही हात हे विचारायला वर जात नाही. सगळ्यांना दिव्याखालचं चित्र पुरतं.

आपली आत्मकथनं या बाबतीत किती पुढे जातात? आनंद यादवांचं ‘झोंबी’ शाळेसाठी बापाशी आणि मातीशी केलेली झुंज आहे. पण यादव तिथे थांबले नाहीत. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ असं करत त्यांनी पुढची वर्षंही लिहिली, आणि शिकून झाल्यावर घराशी पडत गेलेलं अंतर त्यांच्याइतकं चिवटपणे फार थोड्यांनी नोंदवलं आहे. वाचकांनी मात्र ‘झोंबी’ डोक्यावर घेतलं आणि बाकीच्या तीन पुस्तकांकडे तुलनेने कमी पाहिलं. हाही एक निकालच. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ शिकलेल्या पिढीपर्यंत येतं, पण त्याचा जीव बापाच्या बोलीत आहे. इंडियाना विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या वर्षांत तो जीव तसा नाही. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ डॉक्टर होण्यापर्यंत पोहोचतं, वसतिगृहाचे दिवसही त्यात आहेत. तरी हे सगळं साहित्य, अर्थशास्त्र, वैद्यक. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र यांच्या प्रयोगशाळेत घरातलं पहिलं माणूस म्हणून पाच-सहा वर्षं काढल्याचं आत्मकथन मराठीत शोधायला जावं, तर हात रिकामा येतो.

याचं एक कारण उघड आहे. शास्त्रज्ञ लिहितो तो निवृत्तीनंतर, पदं भोगून झाल्यावर. तेव्हा जुना अपमान किस्सा होऊन बसलेला असतो. आणि जो मधेच सोडून गेला तो लिहीत नाही, कारण त्याची गोष्ट ‘यशोगाथा’ या सदरात बसत नाही. एकच जागा उरते जिथे या मुलामुलींना स्वतःबद्दल लिहायची सक्तीच असते : प्रबंधातला ऋणनिर्देश. तो साहित्यप्रकार म्हणून कोणी तरी अभ्यासायला हवा. गाईड, विभागप्रमुख, कुलगुरू, आईवडील, कधी गावचं दैवत. क्रम ठरलेला, विशेषणं ठरलेली. चार ओळींत आईच्या कष्टांचा उल्लेख येतो आणि तेवढाच त्या प्रबंधातला खासगी आवाज. त्या पानावर आभारांखेरीज काहीही लिहिता येत नाही. जेवणाच्या टेबलावर वॉलेसकडून ज्याची अपेक्षा केली जाते, ते आपण छापील रूपात वसूल करतो.

मदत म्हणजे काय, याबद्दल दोन जुनी उदाहरणं मला नेहमी उद्बोधक वाटत आली आहेत. मेघनाद साहा ढाक्याजवळच्या शेवडातली गावातल्या एका लहान दुकानदाराचा मुलगा. गावाजवळ पुढची शाळा नव्हती, तेव्हा अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे हा मुलगा कलकत्त्याला एडन हिंदू हॉस्टेलमध्ये गेला, तेव्हा जातीवरून त्याच्या पंगतीला बसायला इतरांनी नकार दिला. १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणातल्या आयनीभवनाचं समीकरण मांडणारा हा माणूस. आभा सूर यांनी ‘डिस्पर्स्ड रेडिअन्स’ या २०११ सालच्या पुस्तकात भारतीय विज्ञानातली जात आणि लिंगभाव यांचा वेध घेतला आहे, त्यात साहांचं चरित्र वेगळ्या उजेडात दिसतं. राहायला जागा मिळाली तरी ताट वेगळंच राहतं, हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. ते विज्ञान शाखेचे नव्हेत, पण संशोधक विद्यार्थ्याचं आयुष्य कशावर टांगलेलं असतं हे त्यांच्याइतकं कोणाच्या चरित्रात स्वच्छ दिसत नाही. १९१३ साली बडोद्याची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. १९१७ साली मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. परत येण्याआधी त्यांनी एक गोष्ट मिळवून ठेवली होती : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुन्हा सुरू करण्याची विद्यापीठाची परवानगी. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० साली ते परत गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाली. या सगळ्यात आपण शाहू महाराज लक्षात ठेवतो, ते योग्यच. पण ती परवानगी? एका कार्यालयातून निघालेला तो कोरडा कागद नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. घरातल्या पहिल्या विद्यार्थ्याचं आयुष्य सरळ रेषेत जात नाही. वडील आजारी पडतात, बहिणीचं लग्न निघतं, पैसे संपतात. त्याला परत येता येईल असं दार उघडं ठेवणं, ही मदत भाषणातून होत नाही.

आज आपल्याकडे अशा मदतीचा कागद कसा चालतो ते पाहिलं की अंगावर येतं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० आणि एसआरएफची ४२,००० झाली. आकडा वाईट नाही. पण यूजीसीची फेलोशिप मिळायची तर संस्थेतल्या कोणीतरी दर महिन्याला पोर्टलवर जाऊन या विद्यार्थ्याची हजेरी पक्की करावी लागते. एक कर्मचारी नोंद भरतो, दुसरा ती तपासतो. त्यांतलं एक माणूस रजेवर गेलं की विद्यार्थ्याचं भाडं थकतं. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी उपोषणाला बसल्याच्या बातम्या आपण इतक्यांदा वाचल्या आहेत की त्यांचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे. ज्याच्या घरून पैसे येतात त्याच्यासाठी चार महिन्यांचा उशीर म्हणजे वैताग. जो घरी पैसे पाठवतो त्याच्यासाठी तोच उशीर म्हणजे वडिलांना फोनवर काय सांगायचं हा प्रश्न. आणि परिषदेला जायचं तर तिकीट आधी स्वतः काढा, बिलं जोडा, पैसे मागाहून मिळतील. क्रेडिट कार्ड कोणाकडे असतं, याचा विचार ज्याने हा नियम केला त्याने केलेला नाही.

जानेवारी २०१६मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने मृत्यूपूर्वी लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी वाचलं. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानाबद्दल लिहायचं होतं. त्या पत्राचं राजकीय वाचन झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याच्या शेवटाजवळ एक हिशेब आहे. सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये, ती घरी द्या, आणि एका मित्राचे उसने पैसे त्यातून फेडा. ताऱ्यांबद्दल बोलणाऱ्या पत्रात ही रक्कम येते. विज्ञानात शिरू पाहणाऱ्या घरातल्या पहिल्या पिढीबद्दल भारतात लिहिला गेलेला सगळ्यात ठळक मजकूर कोणता असं कोणी विचारलं तर मला हे पत्र दाखवावं लागेल, आणि हे मराठी-इंग्रजी कोणत्याही समीक्षेला शोभणारं नाही.

पुन्हा कादंबरीकडे. ‘रिअल लाइफ’ निर्दोष नाही. मित्रांच्या पार्ट्या, टेनिस, एकमेकांची प्रेमप्रकरणं यांत ती पानंच्या पानं रेंगाळते, आणि ही सगळी मुलं बोलताना एकाच शिकवणीतून आल्यासारखी बोलतात. मधे एक प्रकरण येतं, त्यात वॉलेस प्रथमपुरुषी आवाजात अलाबामातलं बालपण, तिथे झालेला अत्याचार आणि घरच्यांनी फिरवलेली पाठ सांगतो. लेखन म्हणून ते पुस्तकातलं सगळ्यात जळजळीत प्रकरण आहे. पण त्यामुळे एक सोय होते : वॉलेसच्या आजच्या एकटेपणाला भूतकाळातलं कारण मिळतं आणि विभाग थोडासा सुटतो. मला वाटतं, हे प्रकरण नसतं तरी बुरशी, सिमोनचा प्रश्न आणि जेवणाचं टेबल एवढ्यावर वॉलेसची अवस्था पटली असती. शिवाय पैशांबद्दल कादंबरी फार कमी बोलते. अमेरिकेतल्या विज्ञान शाखांत पीएच.डी.ला बहुधा स्टायपेंड मिळतो, हे खरं. पण घरून येणारा फोन तिथेही वाजतच असणार.

घरचा फोन ही मराठी कादंबरीकाराला मिळालेली आयती सामग्री आहे. ‘अजून किती वर्षं?’, ‘म्हणजे नोकरी नाही ना ही?’, ‘डॉक्टर होणार म्हणजे सुई टोचता येईल का तुला?’ यांना उत्तर देताना दोन भाषा लागतात आणि दोन्हींत शब्द अपुरे पडतात. जीन, प्रथिन, स्पेक्ट्रम हे आईला सांगता येत नाही आणि आईचं गुडघेदुखणं प्रयोगशाळेत सांगता येत नाही. दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागते. वॉलेसने वडिलांचा मृत्यू मित्रांपासून लपवला, याचं उत्तर मला त्याच्या अलाबामातल्या जुन्या जखमेत तितकंसं सापडत नाही. ते या सवयीत सापडतं. ज्या जगात वडिलांचा कधी उल्लेखच झाला नाही, तिथे ते गेले हे कोणत्या वाक्याने सांगायचं?

टेलरच्या रचनेतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या गोष्टी प्रवेशाशी संपतात, आणि गंमत अशी की हीसुद्धा तिथेच संपते. शेवटच्या प्रकरणात काळ मागे जातो. वॉलेस त्या तळ्याकाठच्या गावात पहिल्यांदाच पोहोचला आहे. पुढे ज्यांच्याशी त्याची मैत्री होणार, ते सगळे पहिल्या संध्याकाळी भेटतात. हवा छान आहे, सगळे उत्साहात आहेत, वॉलेसही. आपल्या सरावाच्या गोष्टीतलं हे पेढे वाटायचं पान. फरक एवढाच की आपण या पानावर आलो आहोत ते बुरशी, सिमोनचं ऑफिस आणि ताटाकडे बघणारे तेच चेहरे पाहून झाल्यावर. ते सगळे हसत ग्लास उंचावतात, आणि आता आपण त्यांतल्या एकेका चेहऱ्याकडे बघत राहतो, की यांतलं कोण त्या रात्री काहीतरी बोलू शकलं असतं.